पंचेचाळीस पैशांची गड्डी

पडदा वर जातो तेव्हा रविवारच्या दुपारचे दोन वाजलेले असतात. स्थळ केनवड, एसटी थांब्यासमोरचं रत्नमालाबाईंचं दुकान. एका अंगाला शिलाई मशीन, दुसऱ्या अंगाला वह्यापेनांनी भरलेलं हिरवं लोखंडी कपाट, आणि मधे ओसरीवर, टिनाच्या सावलीत, एक चौकोनी टेबल. टेबलाभोवती चार खुर्च्या. तीन लाल, एक निळी. माझी खाट ओसरीच्या पायरीला लागून, म्हणजे अगदी पहिल्या रांगेत. चाळीस वर्षं मी रंगमंचावरून माणसं पाहिली, आता समोरून पाहतो. इथून जास्त दिसतं.

पहिला प्रवेश जगदेव कोतवालांचा. वय अडुसष्ट, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. तीस वर्षं गावचं कोतवालपण करून निवृत्त झाले, पण चालणं अजून तलाठ्याच्या दोन पावलं मागं असल्यासारखं. दुसरा प्रवेश सेवालाल गुरुजींचा. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, इथल्या शाळेवर नऊ वर्षांपासून आहेत. रत्नमालाबाई मशीनवरचं ब्लाऊज बाजूला सारतात आणि तिसऱ्या लाल खुर्चीत बसतात. मग रस्त्यावर एक मोटारसायकल गरज नसताना दोनदा गुरगुरते, आणि निळ्या खुर्चीचा मालक अवतरतो. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पत्त्यांची कातडी पेटी. हा हरीओम.

हरीओम या गोष्टीचा नायक आहे. खलनायक म्हणावं एवढी त्याची उंची नाही. खलनायकांची कामं मी पुष्कळ केली, त्या मंडळींबद्दल मला आदर आहे. भर दरबारात सगळ्यांच्या शिव्या खाऊन उभं राहायला हिंमत लागते. हरीओमला फक्त जिंकायला लागतं, आणि तेही अशा लोकांकडून, जे आधीच हरलेले असतील.

खेळ काय आहे ते सांगतो. खोक्यावरचं छापील नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, केनवडात त्याला नुसतं ‘गड्डी’ म्हणतात. चार वर्षांपूर्वी गुरुजींनी तो पुण्याच्या एका प्रशिक्षणातून आणला. आपल्या रमीसारखा एकच कॅट चौघांत वाटायचा नाही. प्रत्येकाची गड्डी वेगळी, साठ पानांची, आणि ती ज्यानं त्यानं आपल्या आवडीनं जमवायची. पानांवर चित्रं. कुठे पक्षी, कुठे गेंडा, कुठे किल्ला, कुठे मंत्र. प्रत्येक खेळाडूला शंभर प्राण. चौघं एकाच टेबलावर एकमेकांचे प्राण घेतात, कधी दोघं मिळून तिसऱ्यावर जातात, कधी तह करतात आणि मोडतात. शेवटी उरेल तो जिंकला. सगळ्यांत आधी जो मरेल, त्यानं उठून आत जायचं आणि सगळ्यांसाठी चहा करायचा, हा केनवडचा नियम. तो खोक्यावर छापलेला नाही.

पानं रत्नमालाबाईंच्या दुकानातल्या पाकिटांतून यायची. पाकीट बंद, आत काय निघेल ते नशीब. त्यामुळे तिघांच्याही गड्ड्या तिघांसारख्याच होत्या. रत्नमालाबाईंची पक्ष्यांची, त्यात एक घुबड, तद्दन कुचकामी, पण “त्याचे डोये पाहा ना गुरुजी, जसं आमच्या सासूबाई,” म्हणून ते काढायला त्या तयार नसत. गुरुजींची किल्ल्यांची. जगदेवरावांची गेंड्यांची. डाव दीडदोन तास चालायचा. कुणी कुणाला ‘मेले ना तुमी, उठा, चाय ठेवा’ म्हणायचं. मला खेळ कळला नाही, पण नाटक कळलं. प्रत्येकाला प्रवेश होता, प्रत्येकाला निदान एक टाळी होती.

चौथी खुर्ची रिकामी असायची. गेल्या वर्षी पोळ्यानंतर तिथे हरीओम येऊन बसला.

त्याची वंशावळ थोडक्यात. बापाची बत्तीस एकर जमीन, रस्त्यावर बियाण्याखतांचं दुकान, दोन्ही आता त्याच्याकडे. वय छत्तीस. आठवीत होता तेव्हा चौथीच्या पोरांत क्रिकेट खेळायचा, कारण बॅट त्याची. आऊट झाला की बॅट घेऊन घरी जायचा, म्हणून पोरांनी त्याला आऊट करणं सोडून दिलं. एकदा गणपतीत वेशभूषेची स्पर्धा झाली. हा अकोल्याहून भाड्यानं आणलेला राजाचा पोशाख घालून उभा राहिला, आणि चालताना तलवारीत पाय अडकून पडला. शेजारी एक मुलगी पळसाची पानं टाचून झाड होऊन उभी होती. अर्धा तास हलली नाही. पहिलं बक्षीस राजाला मिळालं. बक्षीस त्याच्या वडिलांनी ठेवलेलं होतं, आणि परीक्षक मी होतो. त्या दिवशी मला मिळालेली शाल अजून माझ्याकडे आहे. पांघरत नाही, पण आहे. तेव्हा हरीओमबद्दल जे बोलतो ते सोवळ्यात राहून बोलत नाही.

असल्या माणसाला पाकिटातलं नशीब कशाला परवडेल? त्यानं पुण्याहून एकेक पान निवडून कुरियरनं मागवलं. त्यात एक तीन फण्यांचा नाग होता. तो टेबलावर उतरला की बाकीच्यांचे गेंडे, किल्ले, घुबडं, सगळं एका फेरीत साफ. पहिल्या रविवारी डाव चौदा मिनिटांत संपला. दुसऱ्या रविवारी अकरा. तिघंही एकाच फेरीत मेले, त्यामुळे आधी कोण मेलं आणि चहा कुणी करायचा, यावरच दहा मिनिटं वाद झाला. हरीओम चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “काय गुरुजी, शिकवा ना आता आमाले!”

मला आमच्या कंपनीतला एक प्रसंग आठवला. एका गावच्या धनिकानं देणगी देऊन एका रात्रीपुरती राजाची भूमिका मागून घेतली होती. आमच्या तलवारी लाकडाच्या, वर चंदेरी कागद. यानं घरची खरी लोखंडी आणली. पंधरा मिनिटं रंगायचं द्वंद्व पहिल्याच घावात आटोपलं. माझ्या हातात नुसती मूठ राहिली, आणि पडदा ओढणारा बिडी प्यायला गेलेला. त्या धनिकाला मात्र वाटलं, आपण जिंकलो. नाटकात कुणी जिंकत नसतं, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारी रत्नमालाबाई मशीनवरून उठल्याच नाहीत. “माहे तीन ब्लाऊज राह्यले. तुमी खेळा.” गुरुजींना अचानक पेपर तपासायचे आठवले. निळ्या खुर्चीत हरीओम एकटाच बसला, गड्डी पिसत. शेवटी जगदेवराव त्याच्यासमोर येऊन बसले.

“काहून रे बापू, तुह्या गड्डीची पैसेवारी किती?”

इथे परगावच्या वाचकासाठी थांबलं पाहिजे. दरवर्षी प्रत्येक गावच्या पिकाची पैसेवारी निघते. पूर्ण पीक म्हणजे शंभर पैसे. पन्नासच्या खाली आलं तर गाव टंचाईत, आणि टंचाईच्या सवलती लागू. त्यामुळे आमच्या भागात चांगल्या पिकाची कबुली कुणी जिवंतपणी देत नाही. सोयाबीन कमरेएवढं असलं तरी मालक बांधावर उभा राहून म्हणतो, “कायचं पीक हाय साहेब, पाला हाय निरा.” हा खोटेपणा नाही, ही रीत आहे. लग्नात पोटभर जेवलेला माणूस ‘थोडंसं खाल्लं’ म्हणतो, तशी.

म्हणून जगदेवरावांनी बाईंना आणि गुरुजींना टेबलापाशी बोलावून चारही गड्ड्यांची पैसेवारी विचारली तेव्हा जे झालं ते दुसरीकडे कुठे होणार नाही. कल्पना चांगली होती. चौघांच्या गड्ड्यांत दहा पैशांहून जास्त फरक नको. ज्याची जास्त भरेल त्यानं जोरकस पानं काढून हलकी घालावी. प्रत्येकानं आपला आकडा इमानानं सांगावा.

“माही चाळीस,” रत्नमालाबाई म्हणाल्या.

“माझी पंचेचाळीस,” गुरुजी म्हणाले.

“माही असन अठ्ठेचाळीस,” स्वतः जगदेवराव.

हरीओमनं नागाच्या पानावरून अंगठा फिरवला. “पंचेचाळीस. तीबी पावसानं साथ देल्ली तं.”

अख्खं टेबल टंचाईग्रस्त! तीन फण्यांच्या नागाची आणि रत्नमालाबाईंच्या सासूबाईंची पैसेवारी पाच पैशांच्या आत! मी खाटेवर इतका हसलो की मला ठसका लागला, आणि हरीओमनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. तसा तो पाणी देतो. कुणाला तहान लागलेली त्याला पाहवत नाही, फक्त कुणी जिंकलेलं पाहवत नाही.

जगदेवराव मात्र हसले नाहीत. तीस वर्षं ते पीक कापणीच्या प्रयोगाला दोरी आणि खुंट्या घेऊन गेले होते. वावरातला दहा बाय पाच मीटरचा तुकडा चिठ्ठीनं निवडायचा, आखायचा, कापायचा, मळायचा, मोजायचा. त्यावरून गावचं पीक ठरतं, मालकाच्या तोंडावरून ठरत नाही. “नजर अंदाज सांगून झाला तुमचा,” ते म्हणाले. “आता कापनी.”

पद्धत त्यांनी तिथल्या तिथे ठरवली. गड्डी मालकानं पिसायची नाही, दुसऱ्यानं पिसायची. मग मापणाऱ्यानं त्या गड्डीनं एकट्यानंच पाच फेऱ्या खेळायच्या आणि समोरच्याचे शंभरांतले किती प्राण गेले असते ते मोजायचं. जितके प्राण, तितके पैसे. असं पाचदा करायचं आणि सरासरी काढायची. ती सुधारित पैसेवारी. डाव झाल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवायची ती अंतिम. नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम, असे सरकारी पैसेवारीसारखे तिन्ही आकडे कपाटाच्या हिरव्या दारावर शिलाईच्या खडूनं लिहायचे. जगदेवरावांची स्वतःची गड्डी गुरुजींनी मापावी.

संध्याकाळपर्यंत कापणी चालली. रत्नमालाबाई अडतीस. त्या एकट्याच खऱ्या निघाल्या. जगदेवराव बावन्न. गुरुजी सत्तावन्न, आणि त्यांचे कान लाल झाले.

“मास्तरच कॉपी करून राह्यले तं पोट्ट्याईचं काय?” रत्नमालाबाईंनी विचारलं.

“तांड्यावर कुणी जास्त सांगत नाही हो ताई,” गुरुजी पुटपुटले.

हरीओम चौऱ्याण्णव.

जगदेवरावांनी तो आकडा इतरांपेक्षा मोठा लिहिला. मग नियम सांगितला. थोडंफार इकडेतिकडे होणारच, माणूस आहे. पण धडधडीत खोटं बोलेल त्याच्या नावापुढे खूण होईल. तीन खुणा झाल्या की त्याची खुर्ची टेबलापाशीच पालथी ठेवायची, कायमची. उचलायची नाही, हलवायची नाही. एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसली पाहिजे.

हरीओमच्या नावापुढे पहिली खूण झाली. तो हसला, “एवढं काय काका, खेय हाय,” म्हणाला, पण माझी नजर त्याच्या हातांवर होती. नटाचं तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाहीत. त्यानं निळ्या खुर्चीचा हात धरून ठेवला होता, कुणी आत्ताच ती ओढून नेईल तसा.

पुढच्या रविवारी तो नवी गड्डी घेऊन आला. “पंचेचाळीस,” म्हणाला. कापणीत सत्तेचाळीस भरली. शाबासकी मिळाली. डाव सुरू झाला आणि तिसऱ्या फेरीत नाग उतरला.

“थांबा,” रत्नमालाबाई म्हणाल्या. त्यांनी हरीओमच्या हातातलं एक पान घेतलं आणि दोन बोटांत धरून चोळलं. पानांना सगळेच प्लॅस्टिकची पातळ खोळ घालतात. “मगाशी मापला तो कपडा सुती होता. हे सॅटिन हाय. भाऊ, उठा.”

“कायले?”

“उठा म्हणते ना.”

तो उठला. खुर्चीत, जिथे तो बसला होता तिथे, सत्तेचाळीस पैशांची गड्डी होती. दाखवायची वेगळी, खेळायची वेगळी! मापून झाल्यावर मांडीखाली बदलली होती. आणि एवढं करून त्याला हरवायचं होतं कुणाला? एका गावशाळेच्या मास्तरला आणि एका घुबडाला!

जगदेवरावांनी दोन्ही गड्ड्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हणाले, “तुहा बाप कापनीच्या दिवशी मले नाल्याच्या कोपऱ्यात घेऊन जाये. ‘जगदेव, इथं ठोक खुटी.’ चिठ्ठी निंघे मधातली, अन् तो उभा राहे कोपऱ्यात. मी त्याले म्हनो, शेट, तुमी मालक हा, पर वावर तुमच्यापेक्षा खरं हाय.” त्यांनी खडू उचलला. दुसरी खूण.

हरीओम मोटारसायकलवर बसून निघून गेला. त्या दिवशी ती एकदाच गुरगुरली.

बुधवारी त्याची आई कस्तुराबाई माझ्याकडे आली. वयानं माझ्याहून लहान, पण मला लहानपणापासून ओळखत असल्यासारखी बोलते.

“आबाजी, तुमी सांगा ना त्या जगदेवले. खुर्ची पालथी नोको करा म्हना.”

“त्यानं खोटं बोलणं थांबवलं तर होणार नाही.”

“थो नाई थांबत. थो घरीबी तेच करते.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “जेवन झालं का बैठकीत बसते. चार बाजूनं चार गड्ड्या मांडते. या खुर्चीतून उठते, त्या खुर्चीत बसते. चारी बाजूनं एकटाच खेयते. अन् त्याच्यातबी एकालेच जितवते, आबाजी! बाकी तिघाईची पानं आंधीच पाहून घेते.”

मला हसू आलं आणि ते मधेच अडकलं.

“दुकानात दिवसभर मानसं येतात,” ती म्हणाली. “बियानं घेतात, जातात. कोनी बसत नाई. रविवारी दोन वाजता थो आंघोय करून निंघते. हप्त्यातून एकदाच त्याले कोनी नावानं आवाज देते. ते गेलं तं...”

मी तिला सांगितलं की माझ्या हातात काही नाही, आणि ते खरं होतं. एकदा माझ्या हातात होतं तेव्हा मी ते शालीवर देऊन टाकलं होतं. माझ्या तिरस्कारात काही फरक पडला असं समजू नका. एकटेपणाची दया येते म्हणून लबाडी कमी लबाड होत नाही. तीन गड्ड्या हरवण्यासाठी चौथी खुर्ची बळकावणाऱ्याला सोबत हवी होती, हे ऐकून मला उलट जास्तच राग आला. सोबत हवी, तर माणसं जिवंत ठेवावीत.

रविवार आला. कपाटाच्या दारावर दोन खुणा होत्या. तिसरीसाठी खडू टेबलावर तयार होता. रत्नमालाबाईंनी हळू आवाजात मला सांगितलं की शुक्रवारी हरीओमनं दुकानातली तेरा पाकिटं घेतली होती. “दाखवायची गड्डी बनवली असन अजून एक,” त्या म्हणाल्या. “आज मी त्याची चौकशी चांगलीच करते.”

हरीओम पायी आला. चष्मा नव्हता. खांद्याला थैली. निळ्या खुर्चीत बसायच्या आधी त्यानं ती हातानं झटकली.

“नजर अंदाज?” जगदेवरावांनी विचारलं.

“पंचेचाळीस.”

गुरुजी खोकले. रत्नमालाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. साऱ्या आयुष्यात याला दुसरा आकडाच येत नव्हता.

गुरुजींनी गड्डी पिसली. जगदेवराव कापणीला बसले. पहिल्या कापणीत सत्तर. जगदेवरावांचा हात खडूकडे गेला. दुसरी, एकतीस. हात थांबला. तिसरी, चाळीस. चौथी, छत्तीस. एसटी आली, कुणीतरी उतरलं, गेली. पाचवी, त्रेचाळीस. गुरुजींनी मनातल्या मनात बेरीज केली, मग बोटांवर केली.

“चव्वेचाळीस,” ते म्हणाले.

“खडे व्हा,” रत्नमालाबाई म्हणाल्या. हरीओम उभा राहिला. खुर्चीत काही नव्हतं. “आता थैली.”

त्यानं थैलीत हात घातला आणि कातडी पेटी काढली. पुण्याची गड्डी. नाग, सॅटिन, सगळं.

“वा रे पठ्ठ्या!” जगदेवरावांनी खडू उचलला.

हरीओमनं पेटी त्यांच्यापुढे ठेवली नाही. तो उठून मशीनपाशी गेला आणि पेटी रत्नमालाबाईंच्या बॉबिनच्या खणावर ठेवली. “ताई, हे खनात कुलूप लावून ठेवा. संध्याकायी देजा. घरी ठेवली असती तं मधातून उठून घ्याले गेलो असतो. माह्यावर माहाच भरोसा नाई.”

रत्नमालाबाईंनी कुलूप लावलं आणि किल्ली ब्लाऊजात ठेवली. खडू खाली आला. डाव मांडला.

सांगायला आनंद होतो की हरीओमसारखा वाईट खेळाडू मी आजपर्यंत पाहिला नाही. नाग हातात असेपर्यंत त्याला कधी विचारच करावा लागला नव्हता. आता हातात एक खार, दोन गाढवं आणि बुरूज ढासळलेला किल्ला. त्यानं गाढव गुरुजींच्या तटावर पाठवलं. गाढव गेलं. त्यानं रत्नमालाबाईंना तह मागितला.

“ताई, तुमी माह्यावर नोका येऊ, मी तुमच्यावर नाई येत.”

“तुमच्यापाशी हाय काय यायले?” त्यांनी विचारलं.

त्यानं हातातली पानं पाहिली. “खार हाय.”

चौघंही हसले. चौघंही म्हणतोय मी, चौथा तोच होता. मग चाळीसाव्या मिनिटाला ते घडलं. जगदेवरावांच्या गेंड्यानं त्याला सोळा प्राणांवर आणलं, आणि रत्नमालाबाईंनी, तद्दन कुचकामी म्हणून ज्याची आम्ही चार वर्षं थट्टा केली, ते घुबड उतरवलं. सोळाचे शून्य झाले. रत्नमालाबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. थांब्यावरच्या माणसांनी वळून पाहिलं.

“सासूबाईनं मारलं तुले, हरीओम!” जगदेवराव ओरडले. “ऊठ, चाय ठेव.”

मला वाटलं, आता बॅट घेऊन घरी जाणार. तो उठला, थैली उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खुर्चीला अडकवली. आत गेला. भांड्यांचा आवाज आला. काहीतरी पडलं. “साखर कुठी हाय?” असा आवाज आला, कुणी उत्तर दिलं नाही, कारण गुरुजींचा किल्ला वेढ्यात होता. मग आल्याचा वास आला.

पाच पेले घेऊन तो बाहेर आला. पहिला मला दिला. पितळी ताटात पेले ठेवून, डाव्या हातानं ताट तोलत तो टेबलाभोवती फिरला आणि प्रत्येकाच्या पानांना धक्का न लावता पेला ठेवला. मग बसला नाही. गुरुजींच्या मागे उभा राहून डाव पाहू लागला. एकदा गुरुजी चुकीचं पान उचलत होते तेव्हा त्यानं श्वास आत ओढला, आणि तोंडावर हात ठेवला. मेलेल्यानं बोलायचं नाही, हाही केनवडचा नियम आहे. तो त्यानं पाळला.

चहाचा घोट घेऊन मी मनातल्या मनात त्याला शिवी हासडली, कारण चहा फार सुरेख झाला होता. साखर बेताची, आलं कुटलेलं, किसलेलं नाही, दूध पुरेसं आटलेलं. एवढ्यानं माणूस बदलतो असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. संध्याकाळी बाईंनी कुलूप काढल्यावर तो ती पेटी घेऊन घरी जाणारच होता, आणि चार बाजूंनी बसून एकालाच जिंकवणार होता. पण चहा चांगला होता, आणि माझ्या परीक्षकपणाला लागलेला डाग मोठा आहे. या वेळी मी खोटा आकडा देणार नव्हतो.

डाव गुरुजींनी जिंकला. जगदेवरावांनी खडू घेतला आणि हरीओमच्या नावापुढे लिहिलं: नजर अंदाज पंचेचाळीस, सुधारित चव्वेचाळीस, अंतिम चव्वेचाळीस. निळी खुर्ची सरळच राहिली. मग त्यांनी रिकामा पेला उलटा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला, त्याकडे पाहिलं, आणि खडू धरून वळले.

“अन् या चायची रे? नजर अंदाज सांग.”

हरीओमनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. पाचही पेले तळापर्यंत रिकामे होते.

“पंचेचाळीस लिवा, काका.”